कुत्र्याची पहिली एजिलिटी स्पर्धा: नाव नोंदवण्यापासून घरी परतेपर्यंत

आमची झिपरी तिच्या पहिल्या स्पर्धेत चार उड्या नीट मारून टनेलमध्ये शिरली, बाहेर आली, आणि पुढच्या उडीकडे जायचं सोडून रिंगच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या एका बाईंच्या मांडीवर पुढचे दोन पाय टाकून उभी राहिली. घड्याळ चालू होतं. बाई उड्यांच्या पडलेल्या दांड्या उचलून ठेवायच्या कामावर होत्या. धावत्या कुत्र्याशी बोलायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, असं त्यांना सांगितलेलं. त्या बिचाऱ्या दोन्ही हात छातीशी घेऊन, छताकडे बघत पुतळ्यासारख्या बसून राहिल्या. झिपरीला वाटलं, ही बाई खेळतेय.

एक वर्ष आम्ही एजिलिटी शिकत होतो, म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर कुत्र्याने ठरलेल्या क्रमाने, घड्याळ लावून, अडथळे पार करायचा खेळ. उड्या, टनेल, ए-फ्रेम (तंबूसारखा चढ-उतार), सीसॉ (खाली-वर होणारी फळी), सगळं तिला येत होतं. खुर्चीवरची बाई मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हती. नंतर बऱ्याच नवख्या जोड्यांच्या धावा बघितल्यावर लक्षात आलं की पहिल्या स्पर्धेत कुत्रं अडथळ्यांवर क्वचित अडतं, ते दोन अडथळ्यांमधल्या जागेत हरवतं. म्हणून इथे उडी कशी शिकवावी हे सांगत बसत नाही. उड्या मारता येणाऱ्या कुत्र्याला स्पर्धेला कसं न्यायचं, तेवढंच सांगते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे खालचे नियम अमेरिकन केनेल क्लबचे, म्हणजे सगळे ज्याला एकेसी म्हणतात त्या संस्थेचे. हा खेळ मूळचा इंग्लंडचा: १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांचं मन रमवायला घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून तो बसवला गेला. एकेसीने १९९४ पासून तो आपल्याकडे घेतला आणि २०१० पासून मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही दार उघडलं. झिपरी निवाऱ्यातून आणलेली. तिची जात काय हे तिच्या आईलाच माहीत असेल, त्यामुळे ही तारीख माझ्या विशेष लक्षात आहे.

वय झालं म्हणजे तयारी झाली असं नाही

एकेसीत स्पर्धेच्या दिवशी कुत्रं किमान १५ महिन्यांचं लागतं. यूएसडीएए नावाची दुसरी संस्था आहे, तिथे १८ महिने. ही अट उगाच नाही. वाढत्या कुत्र्याच्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा मऊ भाग असतो. तो पक्का व्हायच्या आत पूर्ण उंचीच्या उड्या आणि वीव्ह पोल्सची, म्हणजे रांगेतल्या खांबांतून नागमोडी जायची, वळणं पुन्हा पुन्हा करून घेतली तर सांध्यांचं नुकसान होऊ शकतं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना हा काळ जास्त लागतो. नाव नोंदवण्याआधी एकदा पशुवैद्याकडून खांदे आणि मागचे पाय तपासून घ्या.

तयारी झाली की नाही हे ओळखायची माझी परीक्षा सोपी आहे. आपल्या नेहमीच्या वर्गाच्या बाहेर, कुत्र्याने कधी न पाहिलेल्या तीन जागी जा. दुसऱ्या कुणाचं मैदान, भाड्याने मिळणारा हॉल, मैत्रिणीचं मागचं अंगण. तिथे हातात आणि खिशात काहीही खाऊ न ठेवता सहा-आठ अडथळे सलग घ्या. तीनपैकी दोन जागी कुत्रं तुमच्याबरोबर राहिलं तर नाव नोंदवा. पाच मिनिटं नुसतं जमीन हुंगत राहिलं तर आणखी दोन महिने थांबा. स्पर्धा दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे असतात, आणि एका धावेला साधारण तीसेक डॉलर पडतात. त्या पैशात अनोळखी जागी सरावाचे दोन तास मिळाले तर ते जास्त कामाचे.

डबा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

रिंगमध्ये खाऊ नेता येत नाही. वर्गात दर तिसऱ्या अडथळ्याला चीजचा तुकडा मिळणाऱ्या कुत्र्याला स्पर्धेत अचानक सोळा अडथळे फुकट करायला लावले, तर ते तिसऱ्या उडीनंतर तुमच्या हाताकडे बघतं, पाचव्यानंतर जमिनीकडे, आणि सातव्यानंतर खुर्चीवरच्या बाईंकडे. त्याची चूक नाही. आपणही पगार थांबला की इकडे-तिकडे बघायला लागतोच.

त्यावर उपाय म्हणजे झाकणाचा एक डबा. आमचा श्रीखंडाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आहे. आत उकडलेलं चिकन. सुरुवातीला डबा एका उडीच्या पलीकडे जमिनीवर, झाकण बंद. कुत्र्याने उडी मारली की "डबा!" असं आनंदाने ओरडायचं, दोघांनी मिळून डब्याकडे पळत जायचं, तुम्ही झाकण उघडायचं, तिथेच खायला द्यायचं. चार-पाच दिवसांत तो शब्द म्हणजे कुत्र्यासाठी सण होतो. मग डबा हळूहळू लांब न्या: तीन उड्यांनंतर, सरावाच्या कुंपणाबाहेर खुर्चीवर, शेवटी दारातून बाहेर पडून, पट्टा घालून, दोन वळणं घेऊन जिथे तुमची पिशवी असेल तिथे. स्पर्धेत हेच होणार असतं: शेवटची उडी, पट्टा, दार, डबा. हा क्रम कुत्र्याला आधीच पाठ असला की रिंगमध्ये हात रिकामे असल्याची त्याला चिंता वाटत नाही, कारण पगार बाहेर ठेवलेला आहे हे त्याला माहीत असतं.

आम्ही यावर दोन महिने घालवले. चार घालवायला हवे होते.

शब्द मराठी असले तर उत्तम

इथले बहुतेक लोक 'टनेल', 'वॉक', 'वीव्ह' म्हणतात. आम्ही मराठी ठेवले, आणि त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. बाजूच्या रिंगमधून दिवसभर इंग्रजी हाका ऐकू येतात आणि काही कुत्री त्यांनी चाळवतात. झिपरीला त्याचं सोयरसुतक नाही. टनेलसाठी 'घुस', उडीसाठी 'हुप', ए-फ्रेमसाठी 'चढ', डॉगवॉकच्या लांब फळीसाठी 'पूल', आणि वीव्ह पोल्ससाठी 'वेणी'. खांबांतून वळत जाणारं कुत्रं मागून बघा, दुसरा शब्द सुचणारच नाही.

फक्त शब्द एकमेकांसारखे ऐकू येता कामा नयेत. आधी मी सुरुवातीच्या रेषेवरून सोडायला 'चल' म्हणायचे. 'चढ' आणि 'चल' धावताना धापा टाकत म्हटले की सारखेच. शिवाय 'चल' मी दिवसातून पन्नास वेळा लेकीलाही म्हणते. मग लहानपणच्या शर्यतीतला 'सुट्' घेतला. तो शब्द घरात दुसऱ्या कुठल्याच कामाला येत नाही, म्हणून अगदी योग्य.

नोंदणी, उंची आणि किती धावा

आधी कुत्र्याचा एकेसी नोंदणी क्रमांक लागतो. मिश्र जातीसाठी 'कनाइन पार्टनर्स' अशी वेगळी नोंदणी आहे. मग आसपासच्या क्लबांची स्पर्धापत्रकं बघायची. नोंदणी साधारण दोन-तीन आठवडे आधी बंद होते. माजावर असलेल्या मादीला भाग घेता येत नाही, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवा.

उंची मोजतात ती खांद्याच्या सर्वात उंच बिंदूपाशी, जमिनीपासून. ११ इंचांपर्यंत ८ इंची उडी, १४ पर्यंत १२, १८ पर्यंत १६, २२ पर्यंत २०, आणि त्यावर २४. झिपरी पावणेअठरा इंच भरते, म्हणजे १६ ची उडी. असं सीमेवरचं कुत्रं असेल तर घरी मोजणीचा सराव करा. घाबरून ताठ झालेलं कुत्रं अर्धा इंच उंच भरतं. अनोळखी माणसाने खांद्यावर पट्टी टेकवली तरी ते सैल उभं राहायला हवं.

नवख्यांचा वर्ग म्हणजे नोव्हिस. त्यात मुख्य दोन प्रकार. 'स्टँडर्ड'मध्ये सगळे अडथळे असतात: ए-फ्रेम, डॉगवॉक, सीसॉ आणि ज्यावर पाच सेकंद थांबायचं ते टेबल. 'जंपर्स विथ वीव्हज'मध्ये फक्त उड्या, टनेल आणि वीव्ह पोल्स. पहिल्यांदा दुसरा प्रकार घ्या. त्यात सीसॉचा धाडकन आवाज नाही आणि पिवळ्या पट्ट्याची काळजी नाही. ए-फ्रेम, डॉगवॉक आणि सीसॉच्या टोकाला ४२ इंच पिवळा रंग असतो, आणि उतरताना त्या रंगावर पंजा पडला नाही तर ती धाव पात्र ठरत नाही.

पात्रतेला १०० पैकी ८५ गुण लागतात. नोव्हिसमध्ये एखादा नकार (कुत्रं अडथळ्यापाशी अडणं) किंवा चुकीचा अडथळा चालून जातो, पण पाडलेली दांडी चालत नाही. ठरलेल्या वेळेवर जाणाऱ्या प्रत्येक सेकंदाला एक गुण कापतात. असे तीन निकाल दोन वेगवेगळ्या जजांच्या हाताखाली मिळाले की पहिली पदवी. हे एकदा वाचा आणि पहिल्या स्पर्धेपुरतं विसरून जा.

दिवसाला एकच धाव घ्या. शनिवारी एक, रविवारी एक. लोक म्हणतील, इतक्या लांब आलात तर चार घ्या. पहिल्या दिवशी कुत्र्याची शक्ती धावण्यात जात नाही, ती शे-दीडशे अनोळखी कुत्र्यांच्या वासात बसून राहण्यात जाते. आणखी एक सोय आहे, जी मला उशिरा कळली: 'फॉर एक्झिबिशन ओन्ली', म्हणजे निकालाबाहेरची धाव. सुरू करण्याआधी जजला सांगायचं, मग आवाज न करणारं खेळणं आत नेता येतं आणि रिंगमध्येच शाबासकी देता येते. गुण मिळत नाहीत. तरुण कुत्र्यासाठी याहून चांगले तीस डॉलर खर्च होत नाहीत.

आधी एकदा कुत्र्याशिवाय जा

महिनाभर आधी जवळच्या स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून नाव द्या. दांड्या लावायचं काम कुणालाही देतात, बहुतेक ठिकाणी वर जेवणही मिळतं. त्या खुर्चीवर बसून दोन तासांत जे दिसतं ते कुणी शिकवत नाही. दाराशी उभी असलेली व्यक्ती पुढची नावं कशी पुकारते, मागचं कुत्रं बाहेर पडत असताना पुढचं आत कसं येतं, तुमचा पट्टा उचलून दुसऱ्या दाराशी कोण नेऊन ठेवतं. आणि अनुभवी लोक दाराशी कुत्र्याशी बोलतात किती कमी, हेही. मी हे केलं नव्हतं. केलं असतं तर खुर्ची हा अडथळा असतो हे मला त्याच दिवशी कळलं असतं.

पिशवी

क्रेट (कुत्र्याचा बंद पिंजरा) आणि तो झाकायला जुनी चादर, घरचं पाणी, डबा, ओढायचं खेळणं, साधा पट्टा, शीचे कागद आणि पिशव्या, स्वतःसाठी घडीची खुर्ची. बूट आधी घातलेलेच. रिंगमध्ये कुत्रं एकतर मोकळं धावतं किंवा लोंबता बिल्ला नसलेल्या सपाट कॉलरने. हार्नेस, म्हणजे छातीचा पट्टा, चालत नाही. नखं चार दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापली आणि एखादं जिव्हारी लागलं तर पंचाईत.

आदल्या दोन दिवसांत सराव नको. सांगलीहून आईचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "आपल्या गल्लीतला मोत्या रोज कंपाउंडची भिंत उडायचा. त्याला कुणी सुट्टी दिली होती?"

सकाळ

नोव्हिस बऱ्याचदा दिवसाच्या शेवटी असतं. वेळापत्रक नीट बघा, नाहीतर आमच्यासारखे सातला पोचाल आणि धाव येईल अडीचला. तोवर कुत्रं थकलेलं असतं. धावेच्या दीड-दोन तास आधी पोचणं पुरे.

पोचल्यावर आधी बाहेर मोठी फेरी, शू-शी पूर्ण होईपर्यंत. रिंगमध्ये पाय वर झाला की धाव संपली. आत गेल्यावर नाव नोंदवा, उंची मोजल्याचं कार्ड नसेल तर मोजून घ्या, आणि क्रेट शक्य तितक्या शांत कोपऱ्यात लावा. मग कुत्र्याला रिंगपासून पन्नासेक फुटांवर घेऊन बसा. तुमच्याकडे बघितलं, तुकडा. दुसऱ्या कुत्र्याकडे बघून परत तुमच्याकडे बघितलं, दोन तुकडे. दहा मिनिटं. मग क्रेट, चादर, विश्रांती. सगळ्यांना भेटवत फिरवू नका. कुणी "माझं कुत्रं फ्रेंडली आहे" म्हणालं तर हसून दुसरीकडे वळा. जेवण सकाळी अर्धंच, धावेच्या दोन-तीन तास आधी.

कुत्र्याविना चालणं

प्रत्येक वर्गाआधी हँडलरना, म्हणजे कुत्र्यांबरोबर धावणाऱ्या माणसांना, मार्ग पाहायला सात-आठ मिनिटं मिळतात. तीस माणसं न दिसणाऱ्या कुत्र्यांना हातवारे करत पुटपुटत फिरत असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वेड्यांची जत्रा वाटते.

या मिनिटांत तीन फेऱ्या घ्या. पहिली फक्त आकड्यांची, एक ते शेवटपर्यंत. दुसरी कुत्र्याच्या वाटेने. प्रत्येक टनेलच्या तोंडाशी वाका आणि बाहेर येताना कुत्र्याला समोर काय दिसेल ते बघा. आपल्याला पाचवी उडी दिसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चुकीची आठवी दिसत असू शकते. किंवा खुर्ची. तिसरी फेरी पळत, तोंडाने शब्द म्हणत, हात खरोखर हलवत. कुठे बाजू बदलायची ते इथे ठरतं. नवख्या जोडीने शक्यतो कुत्रं टनेलमध्ये असताना बदलावी, कारण तेवढे दोन सेकंद तुमचे असतात.

वीव्ह पोल्सकडे खास लक्ष द्या. नोव्हिसमध्ये सहा खांब, दोघांत २४ इंच अंतर, आणि पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा. त्याला सरळ रेषेत आत जाता यावं म्हणून आधीच्या उडीनंतर तुम्ही कुठे असायला हवं, ती जागा पायाने दाबून लक्षात ठेवा. एक नियम कायम: कुत्रं तुमच्या हातापेक्षा पायांचं ऐकतं. बोटं एका उडीकडे आणि बुटांची टोकं दुसरीकडे, तर ते बुटांच्या दिशेने जाणार.

दार

तुमच्या आधी सात-आठ कुत्री उरली की क्रेटमधून काढा. पाच मिनिटं चालणं, थोडी दुडकी चाल, दोन्ही बाजूंना गोल फिरवणं, सरावाच्या उडीवरून दोन-तीन वेळा, आधी कमी उंचीवर. चार कुत्री उरली की दाराजवळ, पण गर्दीच्या बाहेर. तिथे साधे खेळ: हाताला नाक लाव, बस, गोल फिर. कुत्रं खाऊ घेईनासं झालं तर ते घाबरलंय. मागे हटा, दाराशी सांगा, धाव सोडून द्या. पैसे गेले तर गेले.

डबा खुर्चीवर ठेवा आणि ठेवताना कुत्र्याला बघू द्या.

आत गेल्यावर त्याला बसवा, पट्टा काढा, श्वास सोडा. वेळ मोजणारा "गो" म्हणतो, त्याचा अर्थ आत्ताच पळा असा नाही. आता तयार झालात की निघा, एवढाच. मी तो शब्द ऐकून दचकले, पाठ फिरवून तिसऱ्या उडीपर्यंत चालत गेले, वळून बघते तर झिपरी पाठोपाठ उडत आलेली. पहिल्या स्पर्धेत एका उडीपलीकडे जाऊ नका, आणि मान वळवून कुत्र्याकडे बघत चाला.

मग ती खुर्ची. मी एकदाच "झिपरी, हुप!" म्हटलं आणि उलट दिशेने पळायला लागले. बाईंपेक्षा पळणारी मी जास्त मजेची वाटले असावे, पाच-सहा सेकंदांनी ती आली. नाव घेत तिच्या मागे धावले असते तर तिने रिंगभर पकडापकडी खेळली असती. वेणीत चौथ्या खांबाशी ती बाहेर पडली. पुन्हा घ्यायला लावलं नाही, निकाल तसाही गेला होता. पुढच्या दोन उड्या, टनेल, शेवटची उडी. पट्टा. "डबा!" आम्ही दोघी दारातून अशा पळालो की वाटेतल्या एका गृहस्थांनी कॉफी सांभाळली.

तेव्हा चेहरा पाडू नका, कुणाशी बोलत थांबू नका. आधी डबा, सगळा. मग दहा मिनिटं चालणं, पाणी, क्रेट. निकालाचा कागद नंतर बघता येतो. आमच्यावर 'एनक्यू' होतं, म्हणजे अपात्र. हिरवी फीत दुसऱ्या कुणाला मिळाली.

दुसऱ्या दिवसानंतर

रविवारची धाव मी निकालाबाहेरची करून घेतली. खेळणं आत नेलं, खुर्चीजवळून जाताना तिने माझ्याकडे बघितलं त्या क्षणी ते तिच्यापुढे धरलं, दोन उड्या आणखी घेतल्या आणि बाहेर पडलो. अर्धा मार्गही झाला नाही. सोमवार-मंगळवार पूर्ण विश्रांती, फक्त फिरणं. चालताना आखडतेय का, तेवढं पाहिलं.

बुधवारी वहीत दोन ओळी लिहिल्या: 'वेणी, चौथा खांब. खुर्चीवरच्या बाई.' आणि शनिवारी शेजारच्या आजींना विचारून अंगणात उड्यांच्या मधोमध घडीची खुर्ची मांडली. आजी स्वेटर विणत बसल्या, झिपरीकडे अजिबात न बघता. पहिल्या फेरीत ती त्यांच्या मांडीवर गेली, दुसऱ्या फेरीतही. तिसऱ्या वेळी खुर्चीपाशी थबकली, लोकरीचा गुंडा हुंगला आणि 'घुस' ऐकून टनेलमध्ये गेली.